‘उमेश बाटला’ असं मी म्हणालो

हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळसुद्धा नाही. आणि आपल्यापासून याचं काही लपत नाही असा तिचा समज आहे, तो तसाच राहिलेला बरा. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर सांगितलं नसतं. तेवढा मी शूर नाही, ते पुढे कळेलच.

माझी जीभ तिखट आहे. नागपूरचा आहे मी. कॉलेजात, मग पुण्यातल्या पहिल्या नोकरीत, जिथे गेलो तिथे मी जागा मिळवली ती लोकांना हसवून. आणि मग व्हिसावर टेक्सासला आलो, फ्रिस्कोत बिऱ्हाड केलं, आणि ऑफिसात जेवणाच्या टेबलावर बसलो की तोंडाला कुलूप. इंग्रजी येत होतं हो. पण ते सगळे बोलायचे फुटबॉलवर, आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. दीड वर्ष मी मान खाली घालून जेवलो. तुम्ही कधी असे जेवलात? हसणाऱ्या माणसांत बसून?

मग मी शिकलो. हट्टानं शिकलो. जर्सी घेतली, नियम पाठ केले, दर रविवारी टीव्हीसमोर बसलो. आमच्या टीमचा जो हाडवैरी संघ, त्याचं नाव ऑफिसात घ्यायचं नाही असा दंडकच होता, आणि त्यांचा क्वार्टरबॅक म्हणजे — क्वार्टरबॅक म्हणजे टीमचा म्होरक्या, बॉल आधी त्याच्या हातात येतो आणि पुढे कुणाकडे फेकायचा ते तो ठरवतो — तर तो आमच्या शिव्यांचा हक्काचा धनी. माझा मॅनेजर गॅरी तर त्याचं नाव निघालं की जेवण थांबवायचा.

दोन हजार सहा साली त्या क्वार्टरबॅकनं पुस्तक लिहिलं. देवावरच्या श्रद्धेचं. गुडघा मोडला तेव्हा काय झालं, भाऊ गेला तेव्हा काय झालं, येशूनं कसं उचलून उभं केलं. आमच्या लोकांना काय, आयतं कोलीतच मिळालं. फॅन्सची एक वेबसाइट होती, तिथे नुसता शिमगा. देवानं याला सगळं दिलं, नेम द्यायचा राहिला. एवढी भक्ती आहे तर शेवटच्या पाच मिनिटांत देव कुठे जातो? आणि मी, खोट्या नावानं, लिहिलं की पुस्तक चांगलं आहे, पण शेवटचं प्रकरण त्यानं आमच्याच माणसाच्या हातात फेकलं. त्याचे पास नेहमी आमच्याच खेळाडूंच्या हातात पडायचे, त्यावर. दुसऱ्या दिवशी गॅरीनं तो विनोद टेबलावर वाचून दाखवला. मी म्हणालो, तो मी लिहिलाय. काय सांगू — पाठीवर थाप पडली हो. चार वर्षांत पहिल्यांदा.

हेच पुस्तक आमच्या क्वार्टरबॅकनं लिहिलं असतं तर याच लोकांनी ते चर्चमध्ये वाटलं असतं. गॅरी दर रविवारी चर्चला जायचा, सँडविचवरही डोळे मिटून प्रार्थना करायचा. भांडण देवाशी नव्हतंच, जर्सीच्या रंगाशी होतं. ते सगळ्यांना न सांगता कळत होतं. मला कळलं नाही.

मी दुकानातून ते पुस्तक विकत आणलं. वाचायला नाही, टिंगलीला माल हवा होता. रोज एक वाक्य काढायचो आणि टेबलावर टाकायचो. एक दिवस मी तो भाऊ गेल्याचा भाग काढला. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये तो गुडघे टेकून बसला असं लिहिलंय. मी म्हणालो, गुडघे टेकण्यापेक्षा पास टाकायची प्रॅक्टिस केली असती तर. कुणी हसलं नाही. गॅरीनं सँडविच खाली ठेवलं आणि शांतपणे सांगितलं, तो माणूस मूर्ख आहे, पण तो ज्याच्यापुढे गुडघे टेकतो तो माझाही देव आहे. बस्स, एवढंच. मग त्यानं विषय बदलला. मी मात्र जेवलो नाही, आणि त्यानंतर ते टेबल पुन्हा माझं झालं नाही.

हे सगळं मी का सांगतोय? मूळ गोष्टीपाशी येत नाहीये म्हणून. बघा, अजूनही टाळतोय.

उमेश. सांगलीचा. आम्ही एकाच कॉम्प्लेक्समध्ये राहायचो आणि एकाच गाडीनं ऑफिसला जायचो, एक आठवडा त्याची गाडी, एक आठवडा माझी. तो आधी पूर्वेकडे, त्या वैरी टीमच्या शहरात राहिलेला, त्यामुळे फॅन त्यांचा. त्यावरून मी त्याला पिडायचो आणि तो हसायचा. गावच्या मराठी मंडळाची गणपतीची पूजा दरवर्षी उमेश सांगायचा. खडा आवाज, स्वच्छ उच्चार, सगळं तोंडपाठ. पूजा झाली की म्हातारीकोतारी माणसं त्याच्या पाया पडायला यायची आणि हा लाजून मागे सरायचा. मला ते बघवायचं नाही. हे आज पहिल्यांदा लिहितोय — मला बघवायचं नाही. मी अख्ख्या मंडळाला हसवायचो, नाटकात काम करायचो, खुर्च्या मांडायचो. माझ्या पाया कोण पडणार?

त्या जानेवारीत उमेशचे वडील गेले. त्याच्या व्हिसाचे कागद अडकलेले, देशाबाहेर पाऊल टाकलं तर परत येता येईल याची खात्री नाही. घरात बायको मेधा, तीन वर्षांची मुलगी. तो गेला नाही. अग्नी चुलतभावानं दिला. त्यानंतर उमेश गाडीत बोलेनासा झाला.

गॅरीनं झापल्यावर ते पुस्तक मला नजरेसमोर नको झालं होतं. मी ते उमेशला दिलं. घे, म्हटलं, तुझ्या हिरोची पोथी. तेवढीच चेष्टा.

आणि त्यानं ते वाचलं. महिन्याभरानं गाडीत आपणहून बोलला. म्हणाला, “यार, त्यानं लिहिलंय की भाऊ गेल्यावर त्याला प्रार्थना करताच येईना, नुसत्या शिव्या यायच्या, त्याही देवालाच. माझं तेच झालं होतं रे. बाबा गेल्यापासून देवासमोर बसलो की मंत्र घशात अडकायचे. ते एक प्रकरण रोज वाचतो आणि मग पूजेला बसतो. आता होतंय.” बोलताना त्याचे डोळे रस्त्यावर होते. म्हणाला, मेधालाही हे बोललो नाहीये.

म्हणजे नीट लक्षात घ्या. ते पुस्तक वाचून हा माणूस आपल्या गणपतीकडे परत आला होता. आणि हे जगात फक्त मला ठाऊक होतं.

ऑगस्टमध्ये मंडळाचे अध्यक्ष दिलीपकाका यांच्याकडे आम्ही जमलो होतो. सीझनच्या आधीची सरावाची मॅच होती, त्याच वैऱ्यांशी, आणि जाहिरातींच्या मधल्या वेळात गणपतीची मीटिंग. उमेशला मुलीच्या तापामुळे येता आलं नव्हतं. कुणीतरी विचारलं, उमेश कुठाय? आणि मी म्हणालो, “उमेश बाटला.”

खोली हसली. काय हसली म्हणून सांगू. टीम बदलल्यासारखं, शत्रूकडे गेल्यासारखं, त्याच अर्थानं हसले सगळे. इथे थांबलो असतो तर तुम्हाला सांगायला काही उरलं नसतं. पण कितीतरी महिन्यांनी माणसं माझ्या बोलण्यावर हसत होती. कुणीतरी म्हणालं, म्हणजे काय? आणि मी म्हणालो — अगदी सहज, चिप्स खात — “येशूचं पुस्तक वाचतो रोज सकाळी. पूजेच्या आधी. खुद्द त्यानंच सांगितलंय मला.” क्वार्टरबॅकचं नाव मी घेतलं नाही. पुस्तक माझं होतं हे बोललो नाही. किचन तिथेच, मोकळं. पुऱ्या लाटणाऱ्या काकूंचं लाटणं थांबलेलं मी पाहिलं. पाहिलं, आणि पुन्हा मॅचकडे वळलो.

बाटला हा शब्द गॅरीला इंग्रजीत समजावून सांगताच आला नसता. आपल्याला मात्र समजावायला लागत नाही. आठवड्याभरात फोनाफोनी झाली. उमेशच्या गाडीत बायबल असतं. मेधा ऑफिसला जाताना टिकली लावत नाही. मुलगी चर्चच्या डेकेअरमध्ये जाते, तिथूनच सुरू झालं असणार. काकूंची नात त्याच डेकेअरला जात होती, पण ते कोण आठवतंय?

दिलीपकाकांचा मला फोन आला. वाईट माणूस नव्हे ते, मनापासून विचारत होते. तू त्याच्या जवळचा आहेस, म्हणाले, खरं काय ते सांग, मी सगळ्यांची तोंडं बंद करतो. एक वाक्य पुरलं असतं. काका, ते फुटबॉलवाल्याचं पुस्तक आहे, मीच दिलंय, मी चेष्टा केली. तीन सेकंदांचं काम. मी काय म्हणालो? मी म्हणालो, “मला काय माहीत काका, ज्याचं त्याचं.” मग म्हणाले, यंदा पूजा तू सांगशील का? तुला येते ना?

येते की थोडीफार, म्हणालो.

उमेशला सांगितलं गेलं की यंदापासून पाळीपाळीनं करायचं ठरलंय. तो समजला. दुसऱ्या दिवशी गाडीत विचारलं, कोण बोललं असेल रे? मी गाडी चालवत होतो. लोक काय यार, रिकामटेकडे, म्हणालो. तो म्हणाला, हो ना. त्यानंतर अडीच महिने आम्ही रोज त्याच गाडीतून गेलो आलो, सकाळी पस्तीस मिनिटं, संध्याकाळी पस्तीस. मोजा किती वेळा संधी होती.

गणपती शाळेच्या कॅफेटेरियात असायचा. उमेश आला, मेधा आली, शेवटच्या रांगेत बसले. त्यांच्या बाजूच्या चार खुर्च्या रिकाम्या आणि मागे माणसं उभी. मेधानं उकडीचे मोदक करून आणले होते, स्टीलच्या मोठ्या डब्यात, दरवर्षीसारखे. नैवेद्याच्या वेळी तो डबा काकूंनी उचलला आणि मला हळूच म्हणाल्या, ते राहू दे, दुसरे आहेत. पूजा सांगणारा मी. तो ठेवा म्हटलं असतं तर कुणाची बिशाद नव्हती. मी दुसरे मोदक पुढे घेतले आणि पळीभर पाणी फिरवलं. जाताना मेधा तो डबा दोन्ही हातांनी धरून पार्किंगकडे चालली होती. भरलेला डबा जड असतो, ते चालण्यावरून कळतं. मी चाव्या शोधल्यासारखं केलं.

नोव्हेंबरात उमेशनं पुन्हा पूर्वेकडे, पिस्कॅटवेला नोकरी धरली. जायच्या आदल्या शनिवारी सकाळी तो माझ्याकडे आला. मला वाटलं, झालं, याला कळलं. पण तो टेबलाशी बसला आणि म्हणाला, कागद घे, पुढच्या वर्षीही तुझ्याकडेच असेल, सगळा क्रम लिहून घे. दोन तास बसला. आचमन, संकल्प, कलश, शंख, घंटा. जिथे माझा उच्चार चुकायचा तिथे पुन्हा पुन्हा म्हणवून घेतला. आणि मग माझं पेन थांबवून, माझ्याकडे न बघता, म्हणाला, “यंदा तू प्राणप्रतिष्ठा केलीच नाहीस. घंटेनंतर थेट पंचामृतावर गेलास.”

मला माहीतच नव्हतं. दोन दिवस तीनशे माणसांनी नुसत्या शाडूच्या मातीला नमस्कार केला होता, आणि अख्ख्या कॅफेटेरियात ते एकट्या उमेशला, शेवटच्या रांगेतून, कळलं होतं.

मी म्हटलं, मग तेव्हाच का नाही बोललास?

तो म्हणाला, “लोक तुला बोलले असते रे. मंडळात एकदा नाव गेलं की परत येत नाही. मी कुणाला सांगितलेलं नाही, मेधालाही नाही. काळजी करू नकोस.”

मी त्याला थँक्स म्हणालो. चहा हवा का विचारलं. तो नको म्हणाला, पॅकिंग राहिलं होतं. दारापर्यंत गेलो, त्यानं मिठी मारली, मीही मारली.

पुढची सहा वर्षं मंडळाची पूजा मीच सांगितली. पूजा झाली की म्हातारी माणसं पाया पडायला यायची, आणि मी पाय पुढे करायचो.