शनवारतेली

नबाबाच्या अमलात मुरुडला आमच्या शेजारी एक बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला ज्यू, तेली राहायचा. शनिवारी त्याचा घाणा बंद, म्हणून सगळे त्याला शनवारतेलीच म्हणत. नाव मलाही ठाऊक नव्हतं.

एका शनिवारी भटजींबरोबर मी त्याच्याकडे गेलो. भटजींच्या मुलाला साडेसाती, शनीला तेल हवं होतं. तेली धुतल्या सदऱ्यात ओटीवर स्वस्थ बसला होता.

"आज विकीत न्हाय, बुवा."

"शनैश्चर म्हणजे हळू चालणारा. त्याच्या वाराला एवढा भितोस?"

"तुमचा हळू तरी चालतो. आमचा देव सहा दिवस जग घडवून आजच्या दिवशी बसलाच व्हता," तेली म्हणाला. मग घरातलं वाटीभर तेल आणून म्हणाला, "ह्ये विकत न्हाय. पोरासाठी न्या."

त्यानंतर भटजी गावभर सांगत सुटले, "असा शनिभक्त मी दुसरा पाहिला नाही!"