अम्माच्या कानात मी बोलत होते

मी शाळेत फिजिक्स शिकवते. भूतखेत, करणी, अंगात येणं... यातलं काहीही मी आजवर घराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिलेलं नाही. या ग्रुपवर येते ती निव्वळ करमणूक म्हणून. तुमचे अनुभव वाचताना माझ्या हातात कायम लाल पेन असतं. आज माझ्यावरच लिहायची वेळ आली आहे. हसायचं असेल तर खुशाल हसा, पण शेवटपर्यंत वाचा. मला तुमच्याकडून एक गोष्ट हवी आहे.

माझी अम्मा, म्हणजे आई, आत्ता तंजावूरच्या एका हॉस्पिटलमध्ये बेशुद्ध आहे. स्ट्रोक. डॉक्टर भले आहेत, पण रोज एकच वाक्य म्हणतात — वाट बघू. मला वाट बघणं जमत नाही. मला तिला परत आणायचंय. आणि मागच्या वर्षी मी तिला एकदा परत आणलं होतं. कसं आणलं ते मला माहीत नाही... म्हणून हे लिहितेय.

आम्ही तंजावूरचे मराठी. राजवाड्याच्या बाजूच्या गल्लीत घर, घरात अम्मा आणि मी, दोघीच. घरात मराठी, पायरी उतरलं की तमिळ. देवनागरी मी पुण्यात नोकरीला होते तेव्हा शिकले, त्यामुळे शुद्धलेखन सांभाळून घ्या. पुण्याच्या मैत्रिणी म्हणायच्या, तुम्ही लोक पेशव्यांच्या काळातून सुटून आल्यासारखे बोलता. बोलतो खरे.

अम्माला काचबिंदू आहे. उजेडात समोरचं दिसतं, बाजूचं नाही, आणि ऊन उतरलं की काहीच नाही. तरी संध्याकाळी मारुतीच्या देवळात जाणं तिने सोडलं नाही. जाताना उजेड असतो, प्रश्न परतताना. मग मी तिच्या डाव्या हाताला चालते आणि बोलते. "पायरी. अजून एक. आता सरळ. फुलवालीची टोपली आली, उजवीकडे हो. गटार आहे, पाय लांब टाक. भिंतीला हात लाव." रोजची वाट, रोजचीच वाक्यं. माझी भाची म्हणते, आत्या गूगल मॅप आहे. अम्माला हात धरलेला आवडत नाही. तू सांग, मी चालते, असं तिचं.

गेल्या वर्षी चित्तीने, म्हणजे माझ्या मावशीने, अंदमानची टूर काढली. चित्ती इथून जवळच पापनाशमला असते, बँकेतून रिटायर झालेली, हौशी बाई. ज्येष्ठांसाठी हळूहळू चालत बेटं बघायची टूर, सोबत गाइड. अम्मा हट्टाला पेटली. "डोळे असका जायच्या आधी मजला समुद्र पाहणे आहे," म्हणाली. असका म्हणजे सगळे. माझ्या परीक्षा चालू होत्या, मला रजा नव्हती. चित्तीने डोळ्यात तेल घालून सांभाळीन म्हणून शब्द दिला, आणि तिने तो पाळलाही. तिचा दोष काढत नाही.

त्या टूरमध्ये प्रत्येकाच्या गळ्यात एक छोटी डबी असायची आणि कानात इयरफोन. गाइड पुढे माइकवर हळू बोलणार, मागच्या सगळ्यांना कानात ऐकू येणार. अम्मा त्या डबीवर बेहद्द खूश. बेटावरून फोन केला की समुद्राचं कमी आणि डबीचंच जास्त. "सुगू, तो कोठेही असो, माझ्या कानातच की बोलतो. इंग्लिश अर्धे कळते, पण वाट कळते."

आता तो दिवस.

हॅवलॉक बेटावर जंगलातून समुद्राकडे जाणारी एक पायवाट आहे. वाटेत चिखल, पुढे खारफुटी. भरतीला वाटेचा काही भाग पाण्याखाली जातो आणि खाडीत मगरी असतात, तशा पाट्याच लावल्यात. परतताना चित्तीच्या चपलेचा पट्टा तुटला. ती खाली वाकली. अम्माला वाटलं चित्ती पुढे गेली... आणि ती पुढे चालू लागली. चित्तीने मान वर केली तेव्हा वाटेवर कोणी नव्हतं. पुढे दोन फाटे होते.

मला फोन आला तेव्हा मी पेपर तपासत होते. रेंज फक्त वाटेच्या सुरुवातीला, म्हणून चित्ती तिथे एकटी उभी. गाइड आणि चार-पाच जण आत शोधत होते. चित्तीचं बोलणं तुटत होतं. "सुगू, अम्मा दिसत नाही. हाका मारल्या. ओ देत नाही. भरती येते म्हणतात."

काय करणार होते मी? तंजावूरहून त्रिची, तिथून चेन्नई, मग सकाळचं विमान, मग बोट. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोचले असते, आणि भरती तोवर थांबणार नव्हती. मी पोलिसांचा नंबर शोधला, टूरवाल्यांना फोन केले. सगळे म्हणाले शोधताहेत. मग परत चित्तीचा फोन. ती म्हणाली, "येथे अंधार झाला, सुगू."

माझ्या अंगणात लख्ख ऊन होतं. वाळत घातलेल्या साडीची सावली भिंतीवर पडली होती. मला ठाऊक आहे, अंदमान पूर्वेला आहे, तिथे सूर्य लवकर मावळतो... मीच शिकवते हे मुलांना. पण त्या उन्हाचा मला इतका राग आला की सांगता येत नाही. इथे उन्हाला काही काम नव्हतं आणि तिथे माझी अम्मा आंधळी झाली होती.

घरात बसवेना. मी चप्पल घातली आणि मारुतीच्या देवळापाशी जाऊन उभी राहिले. नवस बोलायला नाही. मी आतसुद्धा गेले नाही. पाय तिथे गेले, इतकंच. आणि देवळाच्या पायरीवरून मी घराकडे चालायला लागले, नेहमीसारखी, डाव्या हाताला... आणि मोठ्याने बोलायला लागले.

"पायरी, अम्मा. अजून एक. आता सरळ."

हे मी का केलं, विचारू नका. ती ऐकेल असं वाटलं म्हणून नाही. दुसरं काही करण्यासारखं उरलंच नव्हतं. लोकांना वाटलं असेल मी मोबाइलवर बोलतेय. हल्ली रस्त्यात एकटं बोलणाऱ्याकडे कोण बघतो? फुलवालीची टोपली आली, मी उजवीकडे हो म्हणाले. गटार आलं, पाय लांब टाक म्हणाले. भिंत आली, हात लाव म्हणाले. रडत नव्हते. आवाज अगदी रोजचा होता, थोडा कंटाळलेलासुद्धा.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन मी थबकले. ड्रेनेजच्या कामाला त्याच दिवशी सकाळी रस्ता खोदला होता. मोठा खड्डा, आत पाणी, अलीकडे एक दोरी बांधलेली. मी म्हणाले, "थांब अम्मा. खड्डा आहे. पाणी आहे. पाऊल टाकू नको. मागे फीर, आज तेलाच्या दुकानामागून जाऊ." आणि तिने काय म्हटलं असतं ते मला पाठ असल्यामुळे लगेच पुढे म्हणाले, "लांब आहे, ठाऊक आहे मला. बोलू नको, चाल."

दुकानामागून वळसा घालून घरी आले. "आलं घर. पायरी चढ. चपला काढ. बस आता." आणि मीच पायरीवर बसले. मग मात्र रडले.

तिथे बसलेली असतानाच चित्तीचा फोन आला. अम्मा सापडली होती.

जंगलाच्या दुसऱ्या टोकाला एका बंगाली शेतकऱ्याचं घर आहे. त्यांच्या सुनेने सांगितलं ते असं — अंधारातून एक म्हातारी आली. काठी टेकत, शांतपणे. पायरी चढली, चपला काढून नीट बाजूला ठेवल्या, बसली आणि कुठल्यातरी भाषेत पाणी मागितलं. त्यांनी पाणी दिलं, वर मुरमुरे दिले.

रात्री हॉटेलवरून अम्माचा फोन आला. मला वाटलं घाबरलेली असेल. उलट ती माझ्यावर चिडली होती.

"काय गं, किती लांबून आणलीस मजला. सरळ वाट होती की."

मी विचारलं, कोणी आणलं?

"तूच की. डबीत तू बोलत होतीस. पायरी म्हणालीस, तेथे मूळ होते झाडाचे. भिंत म्हणालीस, हात लावला तो मोठे झाड. मग म्हणालीस खड्डा आहे, पाणी आहे, थांब. थांबले. तेलाच्या दुकानामागून चल म्हणालीस. मी म्हणाले ते लांब पडते. तर मजवरच ओरडलीस, बोलू नको, चाल."



मी हे कोणालाही सांगितलं नव्हतं. चित्तीलाही नाही. आमच्या गल्लीतला खड्डा अम्मा टूरला गेल्यानंतर खणलेला. तिला तो माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. दुसऱ्या दिवशी गाइड तिच्या पावलांच्या खुणा बघून आला. चिखलात काठीची आणि चपलांची रांग थेट खाडीच्या काठापर्यंत गेली होती. तिथे पावलं थांबली होती, आणि वळून मागे गेली होती. पलीकडे पाणी होतं. मी गाइडशी स्वतः बोलले. म्हणाला, मॅडम, त्या डबीची रेंज एका अंगणाएवढी. शोधायला पळताना माझा माइक मी बंद करून खिशात टाकला होता. त्यांना काही ऐकू येणं शक्यच नाही.

फिजिक्सवाली आहे, तेव्हा मी लाल पेन घेऊन बसलेच. रोजची वाट अम्माच्या डोक्यात असणार, घाबरल्यावर मेंदूने तीच वाजवली... ठीक. पण खड्डा? योगायोग म्हणावा, तर "बोलू नको, चाल" हेसुद्धा? आणि वाट तरी जुळली कशी? आमची गल्ली आणि ते जंगल यांचा काय संबंध? अम्माला मात्र काडीचं आश्चर्य नव्हतं. तिचं म्हणणं, तू रोजच की सांगतेस. त्यानंतर वर्षभर आम्ही दोघी तशाच देवळातून घरी येत राहिलो, आणि मी तो विषय डोक्यातून काढून टाकला.

आता ती बेशुद्ध आहे. आणि बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तशी मी रोज संध्याकाळी मारुतीच्या देवळापाशी उभी राहते.

चित्ती पापनाशमहून येऊन हॉस्पिटलमध्ये बसते. भेटीच्या वेळेला ती अम्माच्या कानाशी फोन धरते आणि इकडून मी चालते. पायरी, अजून एक, आता सरळ. पहिल्या दिवशी चालले, काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी हळू चालले. एकदा फोन न लावताच चालले, मागच्या वर्षी त्या दिवशी तरी कुठे फोन होता म्हणून. एकदा अनवाणी चालले. नर्स म्हणते, काही फरक नाही मॅडम. मी घरी येते, पायरी चढ म्हणते, दार उघडते. आत कोणी नसतं.

काल फुलवालीपाशी आले आणि मला रडू फुटलं. उजवीकडे हो म्हणायच्या जागी मी अम्मा ये, अम्मा ये असंच म्हणत राहिले, भर रस्त्यात. फोनवर चित्ती म्हणाली, "सुगू, रडू नको. तू रडलीस तर तिजला वाट कशी कळेल?"

चित्ती आयुष्यात इतकं खरं काही बोलली नसेल. पण मला ते जमत नाही. त्या दिवशी कोणी ऐकतंय हे मला माहीत नव्हतं, म्हणून मी नीट बोलू शकले. आता प्रत्येक शब्दानंतर मी थांबते, ओ येते का बघते. आणि मला वाटतं... त्यामुळेच येत नाही.

याचं कसलंही स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. मागच्या वर्षी नव्हतं, आज नाही. तुमच्यापैकी कोणी असं कोणाला परत आणलं असेल, किंवा आणताना पाहिलं असेल, तर कृपा करून लिहा. का झालं ते नको मला. कसं केलंत, तेवढं सांगा. भेटीची वेळ होत आली आहे, मी देवळाकडे निघते.