बाई हिरो, मी जोडीदार

केनवडच्या बाजारात तंबूचा सिनेमा उतरला की बाबा आम्हा दोघी बहिणींना न्यायचे. रिठदच्या आमच्या मळ्यातली वांगी-मेथी टट्टूवर लादायची, बाजारात विकायची आणि संध्याकाळचा खेळ बघून घरी परतायचं. माय कधी आली नाही.

एकदा तंबूवाल्याने इंग्रजी सिनेमा आणला. मोठ्या टोपीचा, कमरेला पिस्तूल लावलेला गोरा गडी, त्याचा पांढरा घोडा आणि मागे खेचरावर त्याचा दाढीवाला म्हातारा जोडीदार. बोलणं कुणालाच कळत नव्हतं. तंबूवालाच तोंडाला भोंगा लावून ओरडायचा, "आता डाकू गाई पळवून राह्यले! पाहा, हिरो कसा येते!" म्हातारा खेचरावरून पडला की बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. पण डाकूंनी हिरोला झाडाला बांधलं तेव्हा तोच म्हातारा सरपटत आला आणि त्याने दोर कापला. माझी मोठी बहीण, तिला मी बाई म्हणायची, ताडकन उठून उभी राहिली. मागच्या बायका ओरडल्या तरी बसली नाही.

दुसऱ्या दिवसापासून बाई हिरो झाली. डोक्यावर उलटी टोपली घालून ती खोगिराशिवाय टट्टूवर बसायची आणि मी म्हशीवर तिच्या मागे.

"मीच काहून जोडीदार? मले बी हिरो व्हाचं हाये," मी रुसून म्हणाले.

"हिरो कोनी बी होते वं," ती म्हणाली. "सोडवाले तर जोडीदारच येते ना? थे काम मी दुसऱ्याले देईन काय?"

मग मी कधी हट्ट धरला नाही.

एका दुपारी गावची मोकाट गुरं आमच्या मळ्यात घुसली. बाबा घरी नव्हते. बाईने टट्टू पळवत, आरोळ्या ठोकत एकटीने सगळी गुरं नाल्यापार हाकलली. मला वाटलं, गाव तिचं कौतुक करील. गावात चर्चा झाली ती वेगळीच. वयात आलेली पोरगी घोड्यावर टांग टाकून बसते, बापाला डोळे नाहीत काय? त्या उन्हाळ्यात बाबांनी दूर आसेगावचं स्थळ पाहून बाईचं लग्न करून दिलं.

सासरी जाताना ती माझ्या कानाशी लागली. "येशीन नं वं?"

"येतो," मी म्हणाले.

दिवाळीला ती आली तेव्हा हडकली होती. तिला दिवस गेले होते. तंबू आला होता, त्याच हिरोचा आणि त्याच म्हाताऱ्याचा नवा सिनेमा होता, पण सासरी कळेल म्हणून मायने तिला जाऊ दिलं नाही. मी एकटी बाबांबरोबर जाऊन आले आणि मेथीच्या वाफ्यात बसून तिला सगळी गोष्ट सांगितली. म्हातारा पाण्याच्या हौदात कसा पडला ते मी पडून दाखवलं. ती पोट धरून हसली. मग तोंड फिरवून मेथी खुडायला लागली.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून बाबा दोनदा तिला आणायला गेले. सासरच्यांनी धाडली नाही. मग एका सकाळी तिकडचा माणूस निरोप घेऊन आला, बाळंतीण अडली. बाबांनी पायात वहाणा सरकवल्या. मी त्यांचं धोतर धरलं.

"बाबा, मले न्या. बाई माही वाट पाहून राह्यली."

"तुह्यं काय काम तिथं? सोड," बाबा म्हणाले आणि मोटर गाठायला निघून गेले.

परत आले ते दारातच उभे राहिले. "पोरगं हाये," ते मायला म्हणाले. "पोरगी नाही आपली."

बाईचे दिवस झाल्यावर सासरचे आले. पोर लहान आहे, धाकटी द्या म्हणाले. बाबा म्हणाले, "एक देल्ली. आता नाही." मी दाराआडून म्हणाले, "मी जातो, बाबा. लेकराले पाहीन." बाबांनी वळून पाहिलं. त्यांना रडताना मी तेव्हाच पाहिलं. "तुले बी घालवू काय?" ते म्हणाले. सासरचे उठून गेले. तो नातू त्यांनी आम्हाला परत दाखवला नाही.

पुढे एका यात्रेत मला भाऊजी लांबून दिसले. शेजारी त्यांची दुसरी बायको होती, माझ्याच वयाची, कडेवर पोर घेऊन. ते पाणी आणायला गेले तशी मी जवळ गेले. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"तुमी याची मावशी होये काय?" तिने विचारलं. मी मान डोलावली. तिने पोर माझ्या हातात दिलं.

ते रडायला लागलं. मी थोपटलं, नाचवलं, पण त्याने तिच्याकडेच हात पसरले. तिने घेतल्यावर लगेच शांत झालं. मी तशीच परतले. बाबा बांगड्यांच्या दुकानाआड उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं, पण पुढे यायला त्यांचे पाय उचलले नव्हते.

"कोनासारखा हाये?" त्यांनी विचारलं.

"बाईसारखा," मी म्हणाले.

बाबा तिथेच धुळीत खाली बसले.