पिकू न दिलेली शिमला मिरची

शिमला मिरची चिरताच जो ओला, हिरवा वास सुटतो, त्याने मी आजही वरोऱ्याच्या सासरच्या अंगणात जाऊन पोहोचते आणि आजही तितकीच चिडते.

लग्नानंतरचं पहिलंच वर्ष होतं. बाजारातल्या एका पिकलेल्या मिरचीचं बी वाळवून मी फुटक्या माठात पेरलं. रोपं आली आणि उन्हाने एकेक करून जळाली. एकच उरलं, त्याला एकच फळ धरलं. ते लाल झालं की मगच त्याचं बी घ्यायचं, हे मी सासूबाईंना रोज विनवून सांगत होते.

एका सकाळी पाहते तो रोप रिकामं, आणि ती गुळगुळीत, टपोरी मिरची सासूबाईंच्या हातात!

"अहो आई, लाल व्हायची होती ती!"

"लाल होऊन का करन? बी धराच्या आधी मिरची चावून पाहा लागते, बाई. तिखट नसन, त बी कायले ठेवतं?"

त्या घरात मिरचीचं बी असंच निवडलं जाई, मोठ्या बाईच्या जिभेने. "ही तिखट नसतेच," असं मी कळवळून म्हणेपर्यंत कर्रकन चावल्याचा आवाज झालाही होता.

मी शाळेत शिकवत असताना भर दुपारी त्या रोपावर ओलं पोतं कोण टाकत होतं, हे मला पुढे शेजारणीकडून कळलं. तरी राग गेला नाही.

त्या सकाळी सासूबाईंनी घास सावकाश गिळला, उष्टी मिरची माझ्या तळहातावर ठेवली आणि निकाल दिला, "फिक्की."