विहिरीकडची सरी

खोडदमध्ये गणितात एम.एस्सी. झालेल्या माणसानं डिशवरच नोकरीला लागायचं असतं, अशी गावाची पक्की समजूत होती. रानात आकाशातल्या रेडिओलहरी टिपणाऱ्या त्या अवाढव्य अँटेना उभ्या राहिल्यापासून गावानं तिकडच्या सगळ्या कारभाराला 'डिश' हे एकच नाव दिलेलं. त्यामुळे मोहिनी लग्न होऊन घंगाळ्यांच्या घरात आली, तेव्हा हळद उतरायच्या आधीच लोक विचारू लागले, "सूनबाई डिशवर कवा लागनार?"

सूनबाईंना आकाशात काडीचा रस नव्हता. तिला गणित जमिनीवरचं आवडायचं. मुंग्यांची रांग, तळ्यातले मासे, पिकावरचा रोग, अशी जिवंत गोष्ट कशी वाढते आणि कशी पसरते, हे समीकरणात बांधायचं. मग ते समीकरण पुढे पळवून उद्या काय होईल ते आजच सांगायचं.

"म्हंजी ज्योतिष," सासूबाई धोंडाबाई म्हणाल्या.

"ज्योतिष चुकलं तर ग्रहांवर ढकलता येतं, आत्या. हे चुकलं तर माझ्याच अंगावर येतं."

"मंग कशाला करतीस?"

याचं उत्तर मोहिनीकडे होतं, पण ते सांगायला लाज वाटायची. तिला ते मनापासून आवडत होतं, एवढंच ते उत्तर. पोटासाठी ती मंचरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची. म्हणजे घेतला तास तर पैसे, नाहीतर हरी हरी. दर जूनमध्ये नवी नेमणूक, दर मार्चमध्ये रामराम. वर्षामागून वर्षं अशी गेली. मग २००२ साली पुण्यात विद्यापीठाच्या एका विभागात पिकांच्या रोगांचं गणित मांडायचा प्रकल्प निघाला आणि मोहिनीला वर्षभरासाठी मदतनीस म्हणून घेतलं. वर्षाच्या शेवटी त्याच प्रकल्पात संशोधकाची खरीखुरी जागा निघणार होती, वेतनश्रेणीची, मुलाखत घेऊन भरायची. मोहिनीचं वय त्या जागेच्या मर्यादेला येऊन टेकलं होतं. ही जागा गेली की पुढच्या जाहिरातीत तिचा अर्जसुद्धा कुणी उघडला नसता. तिचा नवरा सुदर्शन टोमॅटोचा टेम्पो चालवायचा. तो एवढंच म्हणाला, "तू पुण्याची येष्टी धर. घरचं आमी बघतो." या एका वाक्यासाठी मी त्या माणसाला शंभर गुन्हे माफ करायला तयार आहे.

प्रकल्पासाठी तिनं खोडदचाच टोमॅटो निवडला. त्या वर्षी पानं हिरवी-पिवळी, चट्ट्याचट्ट्यांची व्हायला लागली होती. झाड खुरटायचं, फळ बारीक राहायचं. शेतकरी कपाळाला हात लावून म्हणायचे, "व्हायरस आला." मोहिनी रोज एकेका रानात जाऊन पाहायची, कुठे आलाय आणि कधी आला. विभागातला आदेश नावाचा पोरगा कॉम्प्युटरवर बसून त्याचे आलेख काढायचा. समीकरण साधं होतं. रोगी रानाच्या जवळचं रान आधी पकडलं जाणार, लांबचं नंतर.

समीकरण साधं होतं आणि साफ चुकत होतं. बांधाला बांध लागलेली रानं ठणठणीत आणि गावाच्या पार दुसऱ्या टोकाचं रान पिवळं! आदेशनं समीकरणात वारा घालून पाहिला, किडे घालून पाहिले. मोहिनीनं आकडे बदलून बदलून पेन्सिली संपवल्या. आलेख एकीकडे आणि रान दुसरीकडे, नवराबायको भांडल्यासारखे. विभागप्रमुख सर शांतपणे म्हणाले, "बघा, वेळ आहे अजून." त्या शांतपणाचीच तिला जास्त भीती वाटली.

एके दुपारी ती धोंडाबाईंबरोबर सावडीला गेली होती. सावड म्हणजे आज तुम्ही सगळ्या माझ्या रानात, उद्या मी तुमच्या रानात. मजुरी नाही, फक्त फेड. टोमॅटोची बांधणी, सुतळीनं वेल तारेला बांधणं, पानांच्या बेचक्यातली बगलफूट खुडणं, हे सगळं खोडदच्या बायका सावडीनं करायच्या. जेवायला बसल्यावर लंकाबाई आणि अंबाबाई यांच्यात जुंपली.

"उद्या माज्याकडं यायचं ठरलं व्हतं!"

"न्हाई बाई, आधी माजं. तुज्याकडं त्या दिशी पिठलं खाल्लं न्हाय का आमी? तुजं झालं!"

भाकरीचा घास मोहिनीच्या हातातच राहिला. तिनं स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. टोमॅटोच्या वेलाचा हिरवा-काळा चीक बोटांवर दाट बसला होता. समोर दहा-बारा बायका, सगळ्यांची बोटं तशीच. आणि सगळ्या तशाच बोटांनी उद्या दुसऱ्या रानात जाणार.

"आत्या," ती ओरडलीच, "या हंगामात सावड कुठून कुठे गेली? पहिल्यापासून सांगा!"

बायकांना आधी वाटलं, हिला ऊन लागलं. मग त्यांनी सांगितलं. बायकांना तारखा नाही आठवत, पण कुणाच्या बांधावर काय खाल्लं ते जन्मभर आठवतं. अंबाबाईकडं वांग्याचं भरीत, त्याच्या दुसऱ्या दिवशी भगवंताच्या रानात, तिथं कालवणात मीठच नव्हतं. मोहिनीनं नकाशावरची रानं बांधानं नाही, सावडीच्या पाळीनं जोडली. आदेशनं ते कॉम्प्युटरला दिलं आणि थोड्या वेळानं नुसताच हसत बसला. आलेख आणि रान एकमेकांवर असे बसले, की ओळ कुठली आणि ठिपके कुठले ते ओळखू येईना.

फक्त एक ठिपका बाहेर राहिला. तो मंचरजवळ तिच्या माहेरचा होता, भाऊ हौशीराम याच्या रानाचा. त्याचा खोडदच्या सावडीशी संबंध नाही आणि रोप त्यानं स्वतः तयार केलेलं. तरी तिथं विहिरीकडच्या एका सरीत रोग निघाला होता. मोहिनीनं त्यापुढे 'कारण अज्ञात' लिहिलं आणि विषय मिटवला. मिटवलेला विषय मिटत नाही, हे तिला तेव्हा कळायला हवं होतं.

दिवाळीनंतर मुलाखत झाली. बाहेर बाकावर एका मोठ्या संस्थेतला मुलगा मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेला. मोहिनीकडे प्रोजेक्टरवर लावायच्या पारदर्शिकांची पिशवी आणि सुदर्शननं बळंच दिलेला डबा. आत समितीत बाहेरून आलेल्या एक तज्ज्ञ बाई होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, मान डोलावली आणि बरोबर त्या एकट्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

"कारण सापडलं नाही, मॅडम."

"तुमचं म्हणणं आहे की रोग हातांनी जातो. मग तिथं कुणाचा हात गेला? हा एक ठिपका तुमचं सगळं म्हणणं मोडू शकतो."

विभागप्रमुख सर कागदाकडे बघत राहिले. जागा गेली, असं मोहिनीला स्पष्ट वाटलं. कुणाचा हात? हौशीराम एकटाच राबतो, वहिनी पाणी बघते. विहिरीकडची सरी. विहिरीजवळ कोण बसलं होतं?

मग तिला वहिनीचं हसणं आठवलं. 'अगो बया, ताई, हात कशानं इतकं हिरवं? या, लिंबू चोळा.' खोडदच्या रानातून ती त्या दिवशी थेट माहेरी गेली होती. वहिनीशी गप्पा मारता मारता रिकामं कसं बसायचं, म्हणून लिंबू येईपर्यंत तिनं समोरची सरी बांधायला घेतली होती. माहेरवाशीण काम करत नाही म्हणतात. ही पोर कामाशिवाय कधी बसली असेल तर शपथ!

मोहिनी हसली. भर मुलाखतीत, तोंडावर हात ठेवून, खळखळून. समितीतल्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मॅडम, तो हात माझा आहे. रोग मी नेला. खोडदच्या रोगट रानातून, न धुतलेल्या हातांनी, विहिरीकडच्या त्याच सरीत."

"म्हणजे तुमच्या पाहणीनंच रोग पसरवला?" सरांचा आवाज चढला.

"हो सर. आणि म्हणूनच आता मलाही समीकरणात घालावं लागेल."

ती उठली आणि फळ्याकडे गेली. खडूनं नकाशा काढला आणि खोडदपासून माहेरपर्यंत एक रेघ ओढली. आपण गेलो तो दिवस मांडला, तिथून समीकरण हातानं सोडवत नेलं. रोग दिसायला हवा तो आठवडा निघाला. हौशीरामनं फोनवर रडकुंडीला येऊन कळवलं होतं, तो हाच आठवडा. तिनं खडू खाली ठेवला.

तज्ज्ञ बाईंनी फळ्यावरचा आठवडा समोरच्या कागदावरच्या ठिपक्याशी ताडून पाहिला. मग त्यांनी शेजाऱ्याला म्हटलं, "आता याला अपवाद म्हणायचं की पुरावा?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "पुरावा. याहून चांगला मागूनही मिळाला नसता."

जागा मोहिनीला मिळाली. पत्र आलं त्या दिवशी सुदर्शननं टेम्पोचा हॉर्न वाजवत गावातून दोन फेऱ्या मारल्या. लोकांनी विचारलं, "लागली का डिशवर?" तो म्हणाला, "डिशच्या बी वर!" मोहिनी पाठीमागे क्रेटवर बसून लाज सोडून हसत होती. हौशीरामनं मात्र पेढे घेताना तिला हात पुढे करायला लावले आणि उलटसुलट करून नीट तपासले.

पुढच्या हंगामात खोडदच्या सावडीनं नवा नियम केला. रान बदललं की आधी बांधावर बादली, साबण आणि नखं घासायला काथ्या. त्या वर्षी टोमॅटो असा पिकला, की पिवळं पान शोधायला मोहिनीला वणवण करावी लागली.

ते बघायला विभागप्रमुख सर पुण्याहून खास आले. गाडीतून उतरले आणि कौतुकानं थेट वेलाला हात घालायला निघाले. धोंडाबाई बादली घेऊन आडव्या झाल्या.

"पावणं, हात."

"अहो, मी विद्यापीठातून आलोय."

"आसाल. आमची सून बी तिथनंच आलती." त्यांनी साबण पुढे केला. "तिनंच रोग नेला व्हता म्हनं. तवापासनं आमी इद्यापिठावर इस्वास ठेवतो, पन हात धुवून."

सरांनी बाह्या वर केल्या आणि बांधावर उकिडवे बसून हात धुतले. त्यांचं झाल्यावर धोंडाबाईंनी बादली सुनेपुढे सरकवली.