तंजावूरची डॅनिश हंडी

पापनाशम स्टेशनात गाडी थांबली आणि बराच वेळ सुटली नाही. मद्रासहून निघाल्यापासून ती वेळेवर होती. बाहेर सकाळचे ऊन पडले होते. पोंगल होऊन गेले होते, भाताची कापणी उरकत आली होती आणि रुळांच्या दोन्ही अंगांना पेंढ्यांचे ढीग होते. त्यामागे कालवा, नारळांची रांग आणि दूरवर एक गोपूर. डब्यातले बहुतेक प्रवासी मात्र दुसऱ्या बाजूच्या खिडक्यांशी गोळा झाले होते. फलाटावर पंधरावीस तरुण होते. त्यांतला एक जण शिडीवर चढून स्टेशनच्या नावाच्या पाटीवर डांबर फासत होता. तमिळ आणि इंग्रजी अक्षरांना त्याने ब्रशही लागू दिला नाही. देवनागरी ओळ तेवढी सावकाश, कडेकडेने काळी केली. खाली घोषणा चालल्या होत्या, ‘हिंदी ओळिग’ (हिंदी नष्ट होवो). पोलीस फलाटाच्या टोकाला उभे होते आणि पाहत होते.

साल १९६५, जानेवारी संपत आला होता. हिंदीविरोधी आंदोलनाच्या बातम्या मी पुण्यात, आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत, रोज वाचत होतो. तंजावूरचे नाव त्यांत फारसे नव्हते, म्हणून मी निघालो.

माझ्या समोर भस्माचे पट्टे ओढलेले एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांनी माझ्या पायाशी असलेल्या लाकडी पेटीकडे बोट दाखवून इंग्रजीत विचारले, “ही पेटी तुमची?”

“माझी.”

“तिच्यावर काय लिहिले आहे?”

“काच आहे, सांभाळा, असे. मराठीत.”

“मराठीत,” ते म्हणाले. “ते तुम्ही मला सांगितलेत, म्हणून मला कळले. खाली उभी असलेली मुले विचारत बसणार नाहीत. ती भिंतीकडे फिरवा.”

मी पेटी फिरवली. पण लिहिलेले दोन बाजूंना होते. पुण्यात पेटी करून घेतली तेव्हा हमालांच्या सोयीसाठी मीच काळ्या रंगात ठसठशीत अक्षरे काढली होती. दुसऱ्या बाजूवर मी टॉवेल टाकला. गाडी सुटेपर्यंत माझे लक्ष त्या टॉवेलाच्या कडांवर होते.

पेटी कशासाठी होती ते सांगायला हवे. डेन्मार्क आणि स्वीडनकडच्या, तोंडाने फुंकून घडवलेल्या काचेच्या टांगत्या हंड्या गोळा करण्याचा मला नाद आहे. बेल्जियमच्या हंड्या आपल्याकडे पुष्कळ सापडतात, या क्वचित. तंजावूरपासून समुद्राकडे गेले की तरंगमबाडी लागते. तिथे एके काळी डॅनिश व्यापाऱ्यांची वखार होती. त्यांच्या सामानातल्या काही वस्तू आसपासच्या घरांत गेल्या असाव्यात असा माझा तर्क होता. एका स्नेह्यामार्फत राजारामरावांशी पत्रव्यवहार झाला. ते तंजावूरच्या मराठी घराण्यातले, हायस्कुलात गणिताचे शिक्षक. त्यांच्या दिवाणखान्यात अशी एक हंडी होती. विजेचे दिवे आल्यापासून ती लागत नव्हती, नातवंडे घरात चेंडू खेळत. ‘ज्याला तिची पारख आहे त्याच्याकडे ती गेलेली बरी’, असे त्यांनी इंग्रजीत लिहिले होते.

तंजावूर स्टेशनाबाहेर जटका (घोड्याची छपरी गाडी) मिळाला. सवयीने मी गाडीवानाला हिंदीत पत्ता सांगितला. त्याने माझ्याकडे पाहिले आणि मग रस्त्याकडे तोंड फिरवले. मी इंग्रजीत ‘पॅलेस’ एवढेच म्हटले. तो निघाला. बाजारातली निम्मी दुकाने बंद होती. टपाल कचेरीच्या दारावर काळे ओघळ सुकले होते. लोक आमच्याकडे वळून पाहत होते. परका माणूस दिसला की लोक पाहतातच, अशी मी समजूत करून घेतली. राजवाड्याच्या भिंतीला वळसा घालून गल्लीत शिरलो आणि राजारामरावांच्या दाराशी उतरलो, तेव्हा टॉवेल माझ्या मांडीवर असल्याचे ध्यानात आले. धुळीने भरलेले तोंड पुसायला तो मीच काढला होता. स्टेशनपासून इथपर्यंत पेटी जटक्याच्या मागच्या बाजूला उघड्या अक्षरांनी आली होती.

राजारामराव तिण्णैवर (ओट्यावर) उभे होते. पांढरी वेष्टी (धोतर), उघडे अंग, खांद्यावर पंचा. त्यांनी नमस्कार केला आणि पेटीकडे पाहून ते थांबले.

“हे काय लिहून आणलांत?”

“मराठी आहे. काच, सांभाळा.”

“मला हे अक्षर वाचाया येत नाही, राव. आमच्यात कोणालाच येत नाही. बोलतो अस्क (सगळे) मराठी, लिहितो तमिळ.” त्यांनी खांद्यावरचा पंचा पेटीवर टाकला. “तुम्हास ठाऊक हे मराठी, मला ठाऊक. रस्त्यास कोण सांगेल?”

आतून त्यांच्या पत्नी कमलाबाई आल्या. “अण्णांस उभंच ठेवणार काय? कापी (कॉफी) थंड होते,” त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या. मग पंचा टाकलेल्या पेटीकडे पाहून त्यांनी नवऱ्याला तमिळमध्ये काही विचारले. दोघांनी मिळून पेटी आत ओढली.

हंडी दिवाणखान्याच्या मधोमध, तुळईच्या कड्याला टांगलेली होती. तीन पितळी साखळ्या, वर एक कप्पी, कप्पीवरून भिंतीकडे उतरलेला दोर. आम्ही दोघांनी दोर सोडवून ती हळूहळू खाली घेतली. काच करड्या हिरव्या रंगाची होती, कडेला पातळ, तळाशी जाड. आत बारीक बुडबुडे अडकले होते. तळाला, घडवताना काच धरायची सळई तोडल्याची खरबरीत खूण होती. कारखान्याचा शिक्का नव्हता. राजारामरावांचे पणजोबा राजवाड्यात कारकून होते आणि तरंगमबाडीच्या एका पाद्र्याने ती त्यांना दिली, असे घरात सांगतात. पुरावा काही नाही. काच मात्र उत्तरेकडची होती, याविषयी मला शंका उरली नाही.

कमलाबाईंनी ती शिकेकाईच्या पाण्याने धुतली आणि तुसासकटच्या भाताने भरलेल्या टोपलीत बसवली. या भागात नाजूक वस्तू भातातच ठेवतात. दाणे सगळीकडून सारखे टेकतात, पेंढ्यासारखे दबत नाहीत. दुसऱ्या दिवशी पेटीही भातानेच भरायची असे ठरले. जेवायला केळीच्या पानावर भात, सांबार आणि डांगर पच्चडी (उडदाचे भाजलेले पीठ घातलेली दह्याची कोशिंबीर) होती. कमलाबाई वाढताना हसून म्हणाल्या, “पुण्यात सांबार करतात की नुसतं आमटीच पितात?” मी सांबाराची तारीफ केली. रस्त्यावर सायकलची घंटा वाजली की राजारामरावांचा हात पानावर थांबायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरवणूक गल्लीत आली. आधी ढोल ऐकू आला, मग घोषणा. राजारामरावांनी दार लावले नाही. लावले तर काय अर्थ होईल, हे त्यांना माहीत असावे. मी दिवाणखान्यात होतो. माझ्या एका बाजूला उघडी पेटी, दुसऱ्या बाजूला टोपलीतली हंडी. मिरवणूक दारापुढे थांबली. ढोल थांबला नाही.

तिघे जण पायऱ्या चढून आले. पुढच्याने चपला बाहेर काढल्या, त्यामुळे मला क्षणभर बरे वाटले. तो राजारामरावांचा जुना विद्यार्थी होता. नाव सेल्वम, आता कॉलेजात. त्याच्या बोटांना डांबर होते. बोलणे तमिळमध्ये झाले. त्याचा अर्थ राजारामरावांनी मला नंतर सांगितला.

“सार (सर), उत्तरेकडचा माणूस तुमच्या घरी उतरलाय म्हणतात.”

“पाहुणा आहे. पुण्याचा.”

“पेटीवर हिंदी आहे, सार. काल बाजाराने पाहिली.”

“मराठी आहे.”

“काय लिहिलंय?”

“मला वाचता येत नाही.”

मागचे दोघे हसले. “तुमची भाषा, सार, आणि तुम्हाला वाचता येत नाही?”

“भाषा आईने शिकवली. अक्षरे तुझ्याच शाळेत शिकलो,” राजारामराव म्हणाले. “तिथेच तुला शिकवले. तुझी गणितं मात्र तेव्हाही चुकत होती.”

सेल्वमला हसू आले, पण ते टिकले नाही. त्याने मला इंग्रजीत पेटीवरची अक्षरे वाचून दाखवायला सांगितली. मी वाचली आणि इंग्रजीत अर्थ सांगितला. त्याने हंडी पाहिली. मग मान वर करून तुळईचे रिकामे कडे पाहिले. नंतर पेटीकडे, आणि शेवटी राजारामरावांकडे.

“सार,” तो अगदी हळू म्हणाला, “घर सोडताय?”

त्या प्रश्नावर कमलाबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. दिवाणखान्याचा दिवा कड्यावरून उतरतो तो घर मोडताना, अशी या गल्लीतली रीत मला तेव्हा माहीत नव्हती. मागच्या दोघांपैकी एक जण दाराकडे सरकला. बाहेर उभ्या असलेल्यांना तो काय सांगणार होता, ते उघड होते. मराठी मास्तर उत्तरेच्या माणसाबरोबर चालले. एकदा ते शब्द बाहेर गेले की या घराला या गल्लीत पुन्हा कोणी आपले म्हणणार नव्हते.

राजारामरावांचा चेहरा पांढरा पडला होता. आवाज मात्र वर्गातला होता.

“दिवा धुवायला उतरवला,” ते म्हणाले. “माझे गुडघे दुखतात आणि या पाहुण्याला दोर ओढता येत नाही. आलाच आहेस तर हात धुऊन ये. डांबर लागेल काचेला.”

सेल्वम जागचा हलला नाही. बाहेर कोणी तरी त्याचे नाव घेऊन ओरडले. कमलाबाईंनी पाण्याचा लोटा पुढे केला. “ये रे,” त्या तमिळमध्ये म्हणाल्या, “लोटा धरून माझा हात भरून आला.”

त्याने हात धुतले. डांबर सगळे निघाले नाही. मग त्याने दोर धरला, दुसऱ्याने साखळ्या सावरल्या, राजारामरावांनी तळाला हात लावला आणि हंडी भातातून वर उचलली गेली. दाणे गळून फरशीवर पडले. अर्ध्या उंचीवर दोर कप्पीत अडकला आणि हंडी एका अंगाला कलली. बाहेर ढोल चालूच होता. सेल्वमने दोर थोडा ढिला सोडला, पुन्हा ओढला आणि ती सरळ होऊन कड्याखाली जाऊन थांबली. राजारामरावांनी दोराला गाठ मारली आणि तिच्यावर दुसरी गाठ मारली.

“दिवा लावा,” ते पत्नीला म्हणाले.

“आता? उजेडात?”

“आताच.”

कमलाबाई स्टुलावर चढल्या. त्यांनी हंडीत पाणी ओतले, त्यावर तेल, त्यात तरंगती वात सोडली आणि पेटवली. भर सकाळी तिचा उजेड जेमतेम दिसत होता, पण दार सताड उघडे होते आणि रस्त्यावरच्या लोकांना तो दिसत होता. सेल्वमने चपला घातल्या. जाताना त्याने राजारामरावांना नमस्कार केला, माझ्याकडे पाहिले नाही. मिरवणूक पुढे गेली.

हंडीबद्दल आम्ही पुन्हा बोललो नाही. दुपारी कमलाबाईंनी माझी पेटी कोयत्याने फोडली आणि फळ्या न्हाणीघरातल्या चुलीत घातल्या. “अण्णा, रागावू नका. आंघोळीस पाणी हवंच की,” त्या म्हणाल्या. अक्षरांची बाजू त्यांनी आधी जाळली.

दुसऱ्या दिवशी मी मोकळ्या हातांनी निघालो. राजारामराव स्टेशनपर्यंत चालत आले. रस्ताभर ते माझ्याशी मोठ्याने, ठासून तमिळमध्ये बोलत होते. मला त्यातला एक शब्दही कळत नव्हता, तरी मी माना डोलावत होतो. फलाटावर गर्दीपासून दूर गेल्यावर त्यांनी आवाज उतरवला आणि मराठीत म्हणाले, “पोचल्यावर पत्र घालू नका. काही महिने तरी.”

परतीच्या वाटेवर खिडक्यांच्या झडपा लावलेल्या होत्या. भाताची शेते, कालवे यांतले काही दिसले नाही. प्रत्येक थांब्यावर डब्यातले लोक गप्प होत आणि गाडी हलली की खोकत.

पुण्याला कामावर रुजू झालो त्या आठवड्यात आमच्या बातम्यांच्या टेबलावर मद्रासकडची एक तार आली. तिच्या शेवटी, बाकीच्या गावांची नावे झाल्यावर, ‘तंजावूर शांत’ एवढेच होते. अशी ओळ जागा कमी पडली की पहिली काढतात. मी ती ठेवली. त्या शांततेसाठी एका घरात दिवसाउजेडी तेल जळत होते. किती दिवस जाळावे लागले, ते विचारायची मला मुभा नव्हती.