हळदीच्या गावात हळदीची कॅप्सूल

वसमतच्या मोंढ्यासमोर, म्हणजे हळदीच्या बाजारासमोर, माझं मेडिकल. औषधं मागवावी लागतात, किस्से मात्र न मागवता येऊन पडतात. आणि हळदीच्या कॅप्सूल ठेवायला लागलो तेव्हापासून तर विचारूच नका!

पहिल्याच दिवशी एका शेतकऱ्यानं बाटली उलटसुलट करून पाहिली. "ह्यात काय हाय?"

"हळदीचा अर्क. सांधेदुखीवर घेतात."

त्यानं बाहेर उभ्या, हळदीनं भरलेल्या आपल्या ट्रॅक्टरकडं बघितलं. "मंग मी ट्रॉलीभर गोळ्याच घेऊन आलो म्हणा की!"

गयामावशींची बोटं संधिवातानं सुजलेली. त्यांनी बाटली नेली आणि चार दिवसांनी तक्रार घेऊन हजर. "काई चव न्हाई रे ह्याला!"

"मावशी, ती गिळायची असते."

"गिळू काहून? फोडून वरणात टाकली. सुनेचीबी कंबर दुखती, तिलाबी लागू पडंल!"

रिटायर्ड गुरुजींना पोरानं अशीच बाटली पुण्याहून कुरिअरनं पाठवली. गुरुजी म्हणाले, "हळद हितून गेली, कॅप्सूल होऊन परत आली. पोरगं गेलं ते काई येईना." मी त्यांची बीपीची गोळी काढून दिली.

हळदीचे व्यापारी युनूसभाई यांना एकदा विचारलं, "तुम्ही नाही घेत कॅप्सूल?"

"अरे, सीझनमध्ये दिवसभर नाकातोंडात हळदच जाती!"

"मग कंबर एकदम बराबर असेल?"

"कंबर? एखादा चांगला पट्टा दाखव!"

आता बापूचा किस्सा. बापू मोंढ्यात हमाल, माझा शाळेतला दोस्त. माणूस वाचला, आता बरा आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण त्या कॅप्सूल मीच दिल्या होत्या.

संधिवातानं त्याचे गुडघे धरले होते. पोतं उचललं नाही तर हमालांच्या टोळीतली जागा जाणार, ही एकच धास्ती. मी रोज एक सांगितली, यानं चार-चार सुरू केल्या. टोळीत सांगायचा, "हळदच हाय! हळदीनं कुणाला काय होतंय?"

मग भूक गेली, मळमळ सुरू झाली. पण पठ्ठ्या कामावर हजर. सीझन जोरात, मोंढ्यातला प्रत्येक हमाल डोक्यापासून पायापर्यंत पिवळा. त्यात बापू जरा जास्त पिवळा झाला, तर कोण बघतंय? टोळीवाले उलट चिडवायचे, "यंदा बापूला रंग चांगला चढलाय!"

एका दुपारी त्याची बायको, शांतावहिनी, काउंटरवर आली. "भाऊ, ह्यांचा पिवळेपणा जाऊन न्हाई राहिला."

मला हसूच आलं. "वहिनी, मोंढ्याचा रंग आहे तो. चांगला साबण देतो."

वहिनींनी साबण हातात घेतला आणि परत काउंटरवर ठेवला.

"तीन वड्या झिजवल्या, भाऊ. अंगावरची हळद समदी गेली. डोळ्यातल्या पिवळ्याला कोणता साबण लावू, तेवढं सांगा."